पर्सिस खंबाटा

पर्सिस खंबाटा (जन्म : मुंबई, २ ऑक्टोबर १९४८, मृत्यू : मुंबई, १८ ऑगस्ट १९९८) या भारतीय मॉडेल, अभिनेत्री आणि लेखिका होत्या. १९६५ साली त्या मिस इंडिया झाल्या. १९७९ साली प्रदर्शित झालेल्या 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' या अमेरिकी विज्ञानपटातील लेफ्टनंट इलिया या भूमिकेमुळे त्यांना जागतिक कीर्ती लाभली. ही भूमिका मुळात चित्रपटासाठी नव्हे, तर एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी लिहिली गेली होती. ती मालिका प्रत्यक्षात आली नाही. मात्र तिच्यासाठी रचलेली पात्रे, त्यांच्यातील नाते आणि काही कथा पुढे दुसऱ्या मालिकेने उचलल्या. साबणाच्या जाहिरातीपासून अंतराळयानापर्यंतचा पर्सिस यांचा प्रवास त्यामुळे दूरचित्रवाणीच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगा ठरतो.

प्रारंभिक जीवन

पर्सिस यांचा जन्म मुंबईतील एका मध्यमवर्गीय पारशी कुटुंबात झाला. त्या दोन वर्षांच्या असताना वडिलांनी घर सोडले. किशोरवयात मुंबईतील एका नामवंत छायाचित्रकाराने त्यांची सहज म्हणून काही छायाचित्रे काढली. ती एका लोकप्रिय साबणाच्या जाहिरातीसाठी वापरली गेली आणि ती जाहिरात यशस्वी ठरली. येथूनच मॉडेलिंगचा व्यवसाय त्यांच्यासाठी खुला झाला.

१९६५ साली त्यांनी फेमिना मिस इंडिया हा किताब जिंकला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील मायामी बीच येथे झालेल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले. इंद्राणी रहमान (१९५२) आणि मेहेर कॅस्टेलिनो (१९६४) यांच्यानंतर या स्पर्धेत उतरलेल्या त्या तिसऱ्या भारतीय होत. पुढील काळात एअर इंडिया, रेव्हलॉन आणि गार्डन वरेली यांच्या जाहिरातींतून त्यांचा चेहरा घराघरांत पोहोचला.

चित्रपटांतील पदार्पण

ख्वाजा अहमद अब्बास दिग्दर्शित 'बंबई रात की बाहों में' (१९६७) या हिंदी चित्रपटातून पर्सिस यांनी अभिनयक्षेत्रात प्रवेश केला. त्यात त्यांनी लिली या कॅबरे गायिकेची भूमिका केली होती. हिंदी चित्रपटसृष्टीत मात्र त्या फार काळ रमल्या नाहीत. १९७५ साली त्यांचे दोन इंग्रजी चित्रपट प्रदर्शित झाले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या पार्श्वभूमीवरील 'द विल्बी कॉन्स्पिरसी' या चित्रपटात सिडनी पॉइटिए आणि मायकेल केन हे त्यांचे सहकलाकार होते. दुसरा चित्रपट 'कंडक्ट अनबिकमिंग' हा ब्रिटिशकालीन भारतातील एका पलटणीची कथा सांगणारा होता.

न घडलेली मालिका

'स्टार ट्रेक' ही जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झाली. ७९ भागांनंतर ती बंद पडली, परंतु पुनःप्रक्षेपणांमुळे तिचा प्रेक्षकवर्ग वाढतच गेला. १९७७ साली पॅरामाउंट कंपनीने स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी काढण्याचे ठरवले. तिची मुख्य आकर्षक मालिका म्हणून 'स्टार ट्रेक : फेज टू' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. जुन्या पात्रांच्या जोडीला तीन नवी पात्रे योजली होती : विल डेकर हा तरुण अधिकारी, झॉन हा व्हल्कन वैज्ञानिक आणि डेल्टा ग्रहावरून आलेली इलिया ही यानाची दिशादर्शक. इलियाच्या भूमिकेसाठी पर्सिस यांची निवड झाली.

इलियाच्या जमातीतील व्यक्तींच्या डोक्यावर केस नसतात, अशी कल्पना होती. पर्सिस यांनी टोपाचा आधार न घेता या भूमिकेसाठी मुंडन करून घेतले. सौंदर्यस्पर्धेतून आणि जाहिरातींतून पुढे आलेल्या अभिनेत्रीच्या दृष्टीने हा निर्णय धाडसाचा होता. स्त्रीच्या केशवपनाचा संबंध वैधव्याशी जोडणाऱ्या भारतीय समाजात तर त्याचे विशेष कुतूहल निर्माण झाले.

नव्या वाहिनीची योजना कागदावरच राहिली आणि १९७७ सालच्या अखेरीस मालिकाही रद्द झाली. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स' आणि 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' या चित्रपटांना अफाट यश मिळाले होते. त्यामुळे मालिकेच्या पहिल्या भागासाठी लिहिलेल्या कथेवर मोठा चित्रपट काढण्याचे ठरले. दिग्दर्शनाची जबाबदारी रॉबर्ट वाइज यांच्याकडे आली आणि ७ डिसेंबर १९७९ रोजी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला.

या चित्रपटात व्हीजर नावाची एक अज्ञात शक्ती इलियाला यानातून नाहीशी करते आणि तिच्या जागी तिचीच यांत्रिक प्रतिकृती पाठवते. त्यामुळे पर्सिस यांना एकाच चेहऱ्याने दोन व्यक्तिरेखा रंगवाव्या लागल्या : एक भावनाशील स्त्री आणि दुसरी तिच्या स्मृतींचे अवशेष बाळगणारे यंत्र. या भूमिकेसाठी त्यांना सॅटर्न पुरस्काराचे नामांकन मिळाले. १९८० साली ऑस्कर सोहळ्यात पारितोषिक प्रदान करण्यासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय नागरिक होत.

कौटुंबिक मालिका आणि विज्ञानमालिका

सोप ऑपेरा हे नाव अमेरिकेतील नभोवाणीवर १९३० च्या दशकात रूढ झाले. गृहिणींसाठी रोज प्रसारित होणाऱ्या कौटुंबिक श्रुतिकांना साबण तयार करणाऱ्या कंपन्या प्रायोजकत्व देत असत, त्यावरून हे नाव पडले. पुढे हा प्रकार दूरचित्रवाणीवर आला. प्रेम, ताटातूट, मातृत्व आणि वर्षानुवर्षे न सुटणारे नातेसंबंध हा त्याचा गाभा होय. याउलट १९६० च्या दशकातील विज्ञानमालिकेत बहुधा प्रत्येक भाग स्वतंत्र असे. पुढच्या भागात पात्रे जणू काही घडलेच नाही अशी वावरत.

इलिया आणि डेकर यांचे पात्रलेखन या दोन प्रकारांना जोडणारा दुवा ठरले. पूर्वी एकमेकांवर प्रेम केलेली आणि काही कारणाने दुरावलेली दोन माणसे एकाच यानावर कामाला येतात, ही कल्पना मुळात दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकेला साजेशी होती. चित्रपटात हे नाते शेवटी संपते. मात्र १९८७ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेत विल रायकर आणि डिआना ट्रॉय या पात्रांच्या रूपाने ते पुन्हा अवतरले. त्यांचे दुरावलेले प्रेम सात वर्षे मालिकेत तेवत राहिले आणि २००२ सालच्या 'नेमेसिस' या चित्रपटात त्यांचा विवाह दाखवण्यात आला.

अमेरिकेतील पटकथालेखकांच्या १९८८ सालच्या संपामुळे या मालिकेला नव्या कथांची चणचण भासली. तेव्हा 'फेज टू'साठी लिहून ठेवलेली 'द चाइल्ड' ही कथा बाहेर काढण्यात आली. एका अज्ञात शक्तीमुळे इलियाला मातृत्व प्राप्त होते, अशी ती मूळ कथा होती. आता ती ट्रॉयच्या वाट्याला आली आणि मरीना सर्टिस या अभिनेत्रीने ती साकारली. पर्सिस यांच्यासाठी रचलेला प्रसंग अशा रीतीने दुसऱ्या अभिनेत्रीच्या नावे नोंदला गेला.

उत्तरकाळ

चित्रपटाच्या यशानंतर पर्सिस यांनी सिल्व्हेस्टर स्टॅलनसमवेत 'नाइटहॉक्स' (१९८१) आणि त्यानंतर 'मेगाफोर्स' (१९८२) या चित्रपटांत भूमिका केल्या. 'ऑक्टोपसी' या जेम्स बाँडपटातील शीर्षकभूमिकेसाठीही त्यांच्या नावाचा विचार झाला होता. परंतु १९८० साली पश्चिम जर्मनीत झालेल्या मोटार अपघातात त्यांच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली होती आणि १९८३ साली त्यांच्यावर हृदयाची बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. वयाच्या पस्तिशीच्या आतच उद्भवलेल्या या आजारामुळे त्यांच्या कारकिर्दीला खीळ बसली.

१९८५ साली त्या मुंबईला परतल्या. तो काळ भारतात दूरचित्रवाणीच्या प्रसाराचा होता. आदल्याच वर्षी सुरू झालेल्या 'हम लोग' या मालिकेने देशात कौटुंबिक मालिकांचे युग सुरू केले होते. पर्सिस यांनी 'शिंगोरा' (१९८६) या हिंदी कलाकृतीत आदित्य पंचोली यांच्यासमवेत काम केले. त्यानंतर त्या अमेरिकेतही अधूनमधून दिसत राहिल्या. १९९३ साली सुरू झालेल्या 'लोइस अँड क्लार्क : द न्यू अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन' या मालिकेच्या पहिल्या भागात त्यांनी राष्ट्रपरिषदेच्या अध्यक्षांची भूमिका केली. महामानवाच्या पराक्रमाइतकेच नायक-नायिकेच्या प्रेमकथेला महत्त्व देणारी ही मालिका होती.

१९९७ साली त्यांचे 'प्राइड ऑफ इंडिया' हे मिस इंडिया विजेत्यांची ओळख करून देणारे पुस्तक प्रकाशित झाले. ते त्यांनी मदर तेरेसा यांना अर्पण केले होते. मानधनाचा काही भाग त्यांनी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेला दिला.

मृत्यू

१७ ऑगस्ट १९९८ रोजी छातीत दुखू लागल्याने त्यांना दक्षिण मुंबईतील मरीन हॉस्पिटलमध्ये दाखल करण्यात आले. दुसऱ्या दिवशी, १८ ऑगस्ट रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४९ वर्षे होते.

महत्त्व

भारतीय कलाकारांना पाश्चात्त्य पडद्यावर बहुधा भारतीय पात्रांच्याच भूमिका मिळत असण्याच्या काळात पर्सिस यांनी परग्रहावरील स्त्रीची प्रमुख भूमिका केली. त्या पात्राला देश, धर्म वा भाषा यांची चौकट नव्हती. इलिया पडद्यावर एकदाच आली, परंतु तिच्यापासून सुरू झालेले नाते एका लोकप्रिय मालिकेतून दीर्घकाळ पुढे चालत राहिले. त्या मालिकेचा सातवा आणि शेवटचा हंगाम १९९४ साली संपला, तेव्हा पर्सिस हयात होत्या; रायकर आणि ट्रॉय यांचा विवाह मात्र त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी पडद्यावर आला.