तलाठ्याची नोकरी सोडून प्रतिसरकार उभं करणारे क्रांतिसिंह नाना पाटील

वाळवा, तासगाव, कराड, खटाव या भागात आजही कुणी गरिबाला नाडलं की चावडीवर हमखास कुणीतरी म्हणतं, याला पत्री मारायला पाहिजे. म्हणणारा हसत म्हणतो, ऐकणारेही हसतात. पण ८० वर्षांपूर्वी याच गावांत ही शिक्षा खरोखर दिली जात होती आणि देणारे लोक चोर-दरोडेखोर नव्हते. त्यांचे नेते होते क्रांतिसिंह नाना पाटील. ज्या अन्यायाला कायद्याचीच परवानगी आहे, त्याच्यावर हात उचलावा का, या प्रश्नाचं उत्तर त्यांना भाषणात नाही, जगून द्यावं लागलं.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. तेव्हा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यातच होता, सांगली जिल्हा पुढं वेगळा झाला. धिप्पाड देह, भारदस्त आवाज आणि बोलणं अस्सल गावरान. शिक्षणानंतर त्यांनी काही काळ तलाठ्याची नोकरी केली.

तलाठ्याच्या दप्तरात सगळं गाव दिसतं. जमीन कुणाची होती, कुणाची झाली, सारा किती थकला, सगळं तिथं लिहिलेलं असतं. त्या काळी अडलेला शेतकरी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवायचा. व्याज फुगायचं, कोर्टाचा हुकूमनामा निघायचा आणि रान हातचं जायचं. यात बेकायदा काही नव्हतं. कागद खरा, अंगठा खरा, हुकूमही खरा. पोलीस यायचे तेही सावकाराच्याच बाजूनं. सत्यशोधक चळवळीच्या विचारात वाढलेल्या नानांना हे बघवणं कठीणच होतं.

१९३० साली सविनय कायदेभंगाची हाक आली आणि नानांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी शिराळा भागात बिळाशीचा जंगल सत्याग्रह गाजला. पुढची १२ वर्षं नाना गांधीजींच्या वाटेनं चालले. गावोगाव सभा घेतल्या, अनेकदा तुरुंगात गेले. हात उचलला नाही. पुढं जे घडलं ते समजून घ्यायचं तर ही १२ वर्षं विसरून चालत नाही. बळाची वाट त्यांनी पहिल्याच दिवशी धरलेली नव्हती.

मोर्चावर गोळ्या

ऑगस्ट १९४२ मध्ये चले जाव आंदोलन सुरू झालं. साताऱ्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. लोकांच्या हातात हत्यार नव्हतं, झेंडा होता. ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र पोलिसांनी गोळीबार केला. झेंडा घेऊन पुढं असलेले परशुराम घार्गे पडले. त्या दिवशी एकूण ९ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, तिथं दोघं गेले. गोळी झाडणारे सरकारी हुकमानं झाडत होते. म्हणजे तेही कायद्यातच बसत होतं.

इथून वाट बदलली. नाना भूमिगत झाले. सरकारनं त्यांचं घर आणि जमीन जप्त केली. घरच्यांचे हाल झाले. मुलगी हौसाताई पुढं स्वतःच चळवळीत उतरल्या.

गावाचं सरकार

१९४३ पासून प्रतिसरकारचं काम आकाराला आलं. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर असे अनेक कार्यकर्ते होते. कुंडल हे मोठं केंद्र. ते औंध संस्थानात असल्यामुळं ब्रिटिश पोलिसांना तिथं सहजी शिरता येत नव्हतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे घेऊन जाणारी रेल्वे अडवली गेली. तुफान सेना उभी राहिली.

पण लोकांना जास्त आठवतात ते गावातले निवाडे. गावाची न्यायपंचायत बसायची, दोन्ही बाजू ऐकायची आणि भांडणं तिथंच मिटायची. दारूबंदी, कमी खर्चात होणारी गांधी लग्नं अशी कामंही चालायची. नाडणारा सावकार, पोलिसांचा खबऱ्या, बाईवर हात टाकणारा गुंड यांना शिक्षा व्हायची. तळपायावर काठीनं मार बसायचा. प्रतिसरकारचं पत्री सरकार झालं ते बोलता बोलता. घोड्याला नाल मारतात तशी माणसाच्या पायाला पत्री ठोकतात, अशी अफवाही पसरली.

हे सगळं बरोबर होतं का? दरोडेखोर टोळ्यांनी चळवळीचं नाव घेऊन लोकांना लुटल्याचे प्रकार त्याच काळात घडले आणि कार्यकर्त्यांना त्यांचाही बंदोबस्त करावा लागला. काठी एकदा हातात आली की ती कुणाच्या हातात जाईल याचा नेम नसतो. कोर्टाचा निकाल अपिलात फिरतो, बसलेला मार परत घेता येत नाही. १९४४ मध्ये गांधीजी तुरुंगातून सुटले आणि त्यांनी भूमिगतांना उघड्यावर येण्याचा सल्ला दिला. काही जण गेले. ज्या माणसाच्या शब्दावर नानांनी नोकरी सोडली होती, त्याचाच हा सल्ला होता. तरी नाना आणि साताऱ्याचे बहुतेक कार्यकर्ते भूमिगतच राहिले. गावं उघडी टाकून हजर होणं त्यांना पटलं नाही.

तरी एक फरक ठळक आहे. मार देण्याआधी निवाडा होत होता आणि तो गावाला माहीत असायचा. नानांनी यातून वाडा बांधला नाही की जमीन जोडली नाही. गावांनी त्यांना साडेतीन वर्षांहून जास्त काळ लपवलं ते याच भरवशावर.

काठी खाली ठेवली

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात लोकांनी निवडलेलं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली आणि नाना उघडपणे लोकांत आले. स्वातंत्र्यानंतर अन्याय संपला नव्हता. सरकारवर नाना नाराजच होते. आधी शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष अशी त्यांची वाट झाली. पण त्यांनी पुन्हा प्रतिसरकार काढलं नाही. मोर्चे काढले, संयुक्त महाराष्ट्रासाठी लढले, निवडणुका लढवल्या. १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून ते लोकसभेत गेले. ६ डिसेंबर १९७६ ला त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार वाळव्यात झाले.

आज पत्रीचं नाव घेणाऱ्यानं नानांचं सगळं आयुष्य बघावं. गोऱ्या सरकारपुढं शेतकऱ्याला मत नव्हतं, दाद नव्हती, मोर्चाला गोळी होती. तेव्हा त्यांनी काठी उचलली, तीही १२ वर्षं तुरुंगाच्या वाऱ्या करून झाल्यावर. मताचा अधिकार हाती आला तेव्हा त्याच माणसानं ती खाली ठेवली. आज खासगी सावकारानं रान बळकावलं तर सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते, ग्रामसभेत उभं राहता येतं, कोर्टात जाता येतं. या वाटा लांबच्या आहेत, चपला झिजतात हेही खरं. पण त्या नानांच्या पिढीला मिळाल्या नव्हत्या. त्या मिळाव्यात म्हणूनच वडूजला ९ माणसं पडली.