डोरिस लँगली मूर
डोरिस लँगली मूर (१९०२ - १९८९) या ब्रिटिश वेशभूषाकार, फॅशनच्या इतिहासकार आणि बाथ येथील वेशभूषा संग्रहालयाच्या संस्थापक होत्या. त्यांचा जन्म लिव्हरपूल येथे झाला. द आफ्रिकन क्वीन (१९५१) या चित्रपटातील कॅथरिन हेपबर्न यांची वेशभूषा त्यांनी केली. जुने पोशाख हे इतिहासाचे पुरावे आहेत, या भूमिकेतून त्यांनी मोठा संग्रह उभा केला. त्यातील पोशाखांची प्रत्यक्ष मापे घेऊन, पूर्वीच्या स्त्रियांची कंबर अतिशय बारीक असे, हा रूढ समज त्यांनी खोडून काढला. संग्रहाला कायमची जागा मिळावी यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले. अखेर १९६३ मध्ये बाथच्या असेंब्ली रूम्स या अठराव्या शतकातील इमारतीत संग्रहालय सुरू झाले. त्याच वर्षापासून दरवर्षी एका समकालीन पोशाखाची निवड करून तो संग्रहात घेण्याची प्रथा त्यांनी घातली. पहिला मान मेरी क्वांट यांच्या पोशाखाला मिळाला.