विश्लेषण : बोटे वाकली, खांदा आखडला, तरी रेन्वार रंगवत राहिले! रुमेटॉइड आर्थरायटिस शरीराचे काय करतो?

फ्रेंच चित्रकार ऑग्युस्त रेन्वार यांच्या चित्रांत हसरे चेहरे आणि ऊन दिसते. दुखणे मात्र कुठेच दिसत नाही. प्रत्यक्षात आयुष्याची शेवटची सुमारे २५ वर्षे ते रुमेटॉइड आर्थरायटिसशी, म्हणजेच आमवाताशी झुंजत होते.

आजार कधी सुरू झाला?
रेन्वार यांचा जन्म १८४१ मध्ये लिमोज शहरात झाला. लहान वयात ते चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवत. पन्नाशीच्या सुमारास त्यांचे सांधे सुजू लागले. उबदार हवेसाठी ते दक्षिण फ्रान्समधील कान्य गावी राहू लागले. १९१२ च्या सुमारास ते चाकांच्या खुर्चीला खिळले.

शरीरात काय घडते?
हा वयोमानाने होणारा सांध्यांचा झिजरा आजार नाही. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, मग कूर्चा आणि हाड झिजते. बहुतेकदा दोन्ही हातांचे छोटे सांधे आधी दुखतात आणि सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात. थकवा आणि रक्तक्षय होतो. फुप्फुसे, हृदय आणि डोळ्यांवरही परिणाम होऊ शकतो. हा आजार पुरुषांपेक्षा महिलांमध्ये अधिक आढळतो.

ब्रश हाताला बांधला होता का?
तसा समज आहे, पण तो चुकीचा. बोटे तळव्यात वळल्याने त्वचेला इजा होऊ नये म्हणून हाताला पट्ट्या गुंडाळत. ब्रश मदतनीस हातात देई आणि रेन्वार तो पकडत. १९१५ च्या चित्रफितीत ते असे रंगवताना दिसतात. शिल्पांसाठी त्यांनी तरुण शिल्पकार रिशार गिनो यांची मदत घेतली. ‘बेदर्स’ हे मोठे चित्र त्यांनी १९१९ मध्ये, मृत्यूच्या वर्षीच पूर्ण केले.

आज काय बदलले?
सांध्यांचा नाश रोखणारे औषध त्या काळी नव्हते. आज मेथोट्रेक्सेट आणि बायोलॉजिक औषधे आहेत. आजार मुळापासून जात नसला, तरी लवकर उपचार मिळाल्यास हात वाकडे होणे बऱ्याचदा टळते. रेन्वार यांना ही संधी मिळाली नाही. त्यामुळे सांध्यांची सूज आणि सकाळचा आखडलेपणा काही आठवडे टिकला, तर वय झाले म्हणून अंगावर काढू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा.