चौथ्या श्रेणीचा प्रबंध

रक्ततपासणीच्या अहवालात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे आकडे असतात. हे आकडे आयनांचे, म्हणजे विद्युतभारित कणांचे असतात. मीठ पाण्यात विरघळले की असे आयन सुटे होतात, हा सिद्धांत स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी मांडला. त्याचे बीज त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात होते आणि तो प्रबंध जेमतेम उत्तीर्ण झाला होता.

अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी उप्सालाजवळ झाला. उप्साला विद्यापीठात शिकल्यावर १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला एरिक एडलुंड यांच्याकडे संशोधनासाठी गेले. द्रावणातून वीज कशी वाहते, याची मोजमापे घेऊन त्यांनी फ्रेंचमध्ये सुमारे १५० पानांचा प्रबंध लिहिला आणि १८८४ मध्ये तो उप्सालाला सादर केला.

स्वीडनमध्ये प्रबंध आधी छापावा लागे. मग खुल्या सभेत नेमलेला विरोधक त्यावर आक्षेप घेई आणि उमेदवाराला सर्वांसमक्ष उत्तरे द्यावी लागत. प्रबंधाला आणि बचावाला वेगवेगळी श्रेणी मिळे. अऱ्हेनियस तेव्हा २५ वर्षांचे होते. त्यांचा विषय धड भौतिकशास्त्राचा नव्हता, धड रसायनशास्त्राचाही नव्हता. रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्ह यांना त्यांची कल्पना पटली नाही. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली, बचावाला त्याहून थोडी वरची. पदवी मिळाली, पण एवढ्या श्रेणीवर विद्यापीठात अध्यापक होण्याची वाट बंद झाल्यासारखी होती.

अऱ्हेनियस यांनी प्रबंधाच्या प्रती क्लॉसियस, व्हान्ट हॉफ, ओस्टवाल्ड अशा परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. रिगाचे ओस्टवाल्ड स्वतः आम्लांवर काम करत होते. या प्रबंधाचे मोल त्यांनी ओळखले. त्याच उन्हाळ्यात ते उप्सालाला येऊन अऱ्हेनियसना भेटले आणि त्यांना नोकरी देऊ केली. वडील आजारी असल्याने अऱ्हेनियस गेले नाहीत. मात्र वर्ष संपण्यापूर्वी उप्सालातच त्यांना अध्यापकपद मिळाले.

पुढे शिष्यवृत्तीवर त्यांनी ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमन आणि व्हान्ट हॉफ यांच्या प्रयोगशाळांत काम केले. १८८७ मध्ये सिद्धांत पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. तरीही शंका उरल्याच. सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात दोन्ही सुटे कसे राहतील? उत्तर विद्युतभारात होते. भारित आयनाचे गुणधर्म मूळ मूलद्रव्यापेक्षा अगदी वेगळे असतात.

सिद्धांताला मर्यादाही होत्या. व्हिनेगरमधील आम्लासारख्या सौम्य आम्लांना तो चांगला लागू पडे. मिठासारख्या पदार्थांच्या द्रावणांचे गणित १९२३ मध्ये डेबाय आणि ह्युकेल यांनी सुधारले. म्हणजे परीक्षकांचा संशय अगदीच निराधार नव्हता. चुकला तो मोलाचा अंदाज.

१८९६ मध्ये अऱ्हेनियस यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचेही गणित मांडले. २ ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रबंधाचे फेरमूल्यांकन मात्र त्याआधीच झाले होते. १९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल अऱ्हेनियस यांना मिळाले, याच सिद्धांतासाठी. हा मान मिळवणारे ते पहिले स्वीडिश. त्या वर्षी नोबेलच्या रसायनशास्त्र समितीचे अध्यक्ष होते प्राध्यापक क्लेव्ह.