उपेंद्रनाथ ब्रह्मचारी : औषधाच्या पुढचा शोध

कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयात एक लहानशी खोली होती. तिथे नळ नव्हता, गॅसची जोडणी नव्हती. रात्री काम करायचे तर रॉकेलच्या दिव्यावर. याच खोलीत उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी काळाआजारावरचे औषध सिद्ध केले. भारत आज या रोगाच्या निर्मूलनाच्या उंबरठ्यावर उभा असताना त्या औषधाचे स्मरण होते. मात्र त्यांचे दुसरे, फारसे बोलले न गेलेले निरीक्षणच आज अधिक मोलाचे ठरत आहे.

उपेंद्रनाथांचा जन्म १९ डिसेंबर १८७३ चा. वडील नीलमणी बिहारमधील जमालपूर येथे रेल्वेत डॉक्टर होते. मुलाचा ओढा मात्र गणित आणि रसायनशास्त्राकडे होता. १८९४ साली त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्राची एम. ए. पदवी मिळवली आणि त्यानंतर ते वैद्यकशास्त्राकडे वळले. एम. डी. पाठोपाठ १९०४ मध्ये त्यांनी पीएच. डी.ही संपादन केली. रसायनज्ञाची दृष्टी आणि वैद्याचा अनुभव यांचा हा संगमच पुढे निर्णायक ठरला.

१९०५ पासून ते कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये अध्यापन करू लागले. आसाम, बंगाल आणि बिहार या प्रांतांत तेव्हा काळाआजाराने गावेच्या गावे ओस पडत होती. दीर्घकाळ रेंगाळणारा ताप, फुगलेली प्लीहा, खंगत जाणारे शरीर आणि काळवंडणारी त्वचा ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास बहुतेक रुग्ण दगावत. लीशमन आणि डोनोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाचा परजीवी ओळखला होता. पण त्याला मारणारे सुरक्षित औषध नव्हते. अँटिमनीयुक्त टार्टर एमेटिक शिरेतून दिले जाई. त्याने गुण येई, परंतु उपचार महिनोन् महिने चालत आणि औषधाची विषबाधा रुग्णाला सोसवत नसे.

अँटिमनीचा गुण राखून तिचे विष कमी कसे करावे, हा ब्रह्मचारींपुढचा प्रश्न होता. अनेक संयुगे करून पाहिल्यानंतर अँटिमनीच्या एका सेंद्रिय आम्लाचा युरियाशी संयोग घडवून त्यांनी युरिया स्टिबामाइन तयार केले. १९२२ मध्ये या औषधाने बरे झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. महिन्यांचे उपचार आठवड्यांवर आले. आसाम सरकारने ते मोठ्या प्रमाणावर वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले.

त्याच वर्षी ब्रह्मचारींनी आणखी एक गोष्ट नोंदवली. काळाआजारातून बरे झालेल्या काही जणांच्या त्वचेवर कालांतराने चट्टे आणि गाठी उठत, आणि त्यांत तोच परजीवी सापडे. ताप नाही, अशक्तपणा नाही. माणूस हिंडता-फिरता, पण रोग अंगावर वागवणारा. या अवस्थेचे त्यांनी स्वतंत्र वर्णन केले.

सन्मान त्यांना पुष्कळ लाभले. १९२९ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नामांकन झाले, पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९३४ मध्ये 'सर' हा किताब मिळाला. १९३६ मध्ये होळकरांच्या इंदुरात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात या रोगाने देशाला मोठा धडा दिला. वाळूमाशीच्या चाव्यातून काळाआजार पसरतो, हे १९४२ मध्ये सिद्ध झाले होते. पन्नाशीच्या दशकाअखेर मलेरियासाठी झालेल्या डीडीटी फवारणीत ही माशीही मेली आणि काळाआजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थंडावली आणि सत्तरच्या दशकात उत्तर बिहारमध्ये त्याची साथ पुन्हा उसळली. पुढे तिथल्या परजीवीने अँटिमनीलाच दाद देणे सोडले. ज्या बिहारात ब्रह्मचारींचे बालपण गेले, तिथेच त्यांच्या औषधाचा वारसा निष्प्रभ झाला.

२००५ मध्ये भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी संयुक्त निर्मूलनाचा करार केला. दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट ठरले. भारताने ते प्रत्येक ब्लॉकसाठी स्वीकारले. २०१० ची मुदत हुकली, नंतरच्याही हुकल्या. तत्काळ निदान चाचणी, एकाच मात्रेत शिरेतून दिले जाणारे नवे औषध, घरोघरी फवारणी आणि रुग्णशोध यांच्या बळावर अखेर २०२३ मध्ये भारताने ती मर्यादा गाठली. त्याच वर्षी बांगलादेश हा निर्मूलनाची जागतिक आरोग्य संघटनेकडून मान्यता मिळवणारा जगातील पहिला देश ठरला. अशी मान्यता मिळण्यासाठी हे यश सलग तीन वर्षे टिकवावे लागते.

इथेच ब्रह्मचारींचे ते दुसरे निरीक्षण पुन्हा समोर येते. त्वचेवर चट्टे असलेला माणूस आजारी वाटत नाही, म्हणून दवाखान्यात जात नाही. बारा आठवड्यांचे उपचार पूर्ण करण्याची निकडही त्याला भासत नाही. तरीही त्याला चावलेली वाळूमाशी परजीवी दुसऱ्या घरात नेऊ शकते. रुग्णसंख्या शून्याकडे झुकली असताना पुढच्या साथीचे बीज अशाच काही माणसांच्या त्वचेत दडलेले असते. म्हणून आरोग्यसेविका आज गावोगाव ताप आलेल्यांबरोबरच जुन्या रुग्णांच्या अंगावरचे चट्टेही शोधत असतात. रुग्ण बरा झाला म्हणजे रोग संपला असे नव्हे, हे ब्रह्मचारींनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. निर्मूलनाचा शेवटचा टप्पा त्याच जाणिवेवर अवलंबून आहे.