गांवोगांव फिरणारे धर्मदूत : संत फ्रान्सिस झेवियर

धर्मग्रामाचा महोत्सव म्हणजे केवळ रोषणाईचा व वाजंत्रीचा दिवस नव्हे. ज्यांच्या श्रमानें श्रद्धेचा हा वृक्ष येथें लागला, त्यांचें कृतज्ञ स्मरण करण्याचा तो दिवस होय. आपल्या वसई परगण्यांतील जुन्या चर्चचे चिरे पाहिले म्हणजे ते कोणीं घडविले, कोणीं रचिले, हा प्रश्न सहज मनांत येतो. परंतु चिरे रचण्यापूर्वीं माणसें जोडावीं लागतात. हें माणसें जोडण्याचें काम गांवोगांव पायीं फिरून ज्यांनीं केलें, त्यांत अग्रगण्य नांव संत फ्रान्सिस झेवियर यांचें आहे. त्यांच्या चरित्रांतील मोठमोठे प्रसंग बहुतेकांस ठाऊक आहेत. येथें विशेषेंकरून त्यांच्या खेडोपाडींच्या फेऱ्यांचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. कारण त्यांच्या कार्याचें मर्म त्यांतच आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नव्हार देशांतील झेवियरच्या गढींत एका सरदार घराण्यांत झाला. वडील राजदरबारीं मोठे अधिकारी होते. परंतु फ्रान्सिस लहान असतांनाच नव्हारचें राज्य परक्यांच्या हातीं गेलें, वडील वारले आणि गढीचे बुरूज पाडले गेले. विद्येच्या बळावर नांव व मान मिळवावा या इच्छेनें ते १५२५ सालीं पॅरिसच्या विद्यापीठांत दाखल झाले. तेथें पीटर फेबर हे त्यांचे खोलीसोबती होते. पुढें इग्नेशियस लोयोला हेही त्यांच्यांत येऊन राहिले. सर्व जग हातीं आलें आणि आत्मा गमावला, तर त्या मिळकतीचा उपयोग काय, हा शुभवर्तमानांतील प्रश्न इग्नेशियस यांनीं त्यांच्यापुढें पुनःपुन्हां ठेवला. मानी तरुण पुष्कळ दिवस नमला नाहीं. नमला तेव्हां मात्र पुरता नमला. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनीं दारिद्र्याचें व ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें, त्यांत फ्रान्सिस होते. १५३७ सालीं व्हेनिस येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

हिंदुस्थानांत येणें हें त्यांनीं स्वतः योजिलेलें नव्हतें. पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनीं पूर्वेकडील देशांसाठीं धर्मगुरु मागितले, तेव्हां दुसऱ्याच एका सोबत्याची निवड झाली होती. तो ऐन वेळीं आजारी पडला आणि १५४० च्या मार्च महिन्यांत फ्रान्सिस यांस तांतडीनें रोमहून निघावें लागलें. ७ एप्रिल १५४१ रोजीं, म्हणजे आपल्या वाढदिवशींच, त्यांनीं लिस्बनचा किनारा सोडला आणि तेरा महिन्यांच्या खडतर प्रवासानंतर ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले. तेथें इस्पितळांतील रोगी, तुरुंगांतील कैदी व कुष्ठरोगी यांच्या सेवेंत ते गढून गेले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि जमलेल्या मुलांस धर्मशिक्षण देत.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत ते दक्षिणेस मोत्यांच्या किनाऱ्यावर गेले. तूतिकोरिन ते कन्याकुमारी या पट्ट्यांत परवर जातीचे कोळी समुद्राच्या तळांतून शिंपले काढून उपजीविका करीत. सुमारें सात वर्षांपूर्वीं शत्रूंच्या जाचापासून पोर्तुगीजांचें संरक्षण मिळावें म्हणून त्यांनीं हजारोंच्या संख्येनें बाप्तिस्मा घेतला होता. परंतु पुढें त्यांची विचारपूस करणारें कोणी राहिलें नाहीं. त्यांची भाषा जाणणारा धर्मगुरु नव्हता, शिकविणारा नव्हता. आपण ख्रिस्ती आहों, यापलीकडे बहुतेकांस कांहींच सांगतां येत नव्हतें. नांवापुरता राहिलेला हा धर्म टिकणार कीं वाळूवरील पावलाप्रमाणें पुसला जाणार, हा प्रश्न फ्रान्सिस यांच्यापुढें उभा होता.

त्यांनीं प्रथम लोकांची भाषा धरली. तमिळ व पोर्तुगीज दोन्हीं जाणणाऱ्या माणसांस एकत्र बसवून त्यांनीं क्रुसाची खूण, प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया व दहा आज्ञा यांचें मोठ्या कष्टानें भाषांतर करविलें आणि तें स्वतः तोंडपाठ केलें. भाषेवर त्यांचें प्रभुत्व कधींच नव्हतें. उच्चारही चुकत असावेत. तरीही परदेशचा विद्वान आपल्या बोलींत प्रार्थना म्हणतो, याचा त्या साध्या कोळ्यांच्या मनावर किती परिणाम झाला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

गांवांत शिरतांच ते घंटा वाजवीत. मुलें व मोठीं माणसें जमलीं म्हणजे ते एकेक वाक्य म्हणत आणि सर्वजण तें मागोमाग म्हणत. मुलांनीं दिवसा शिकलेलें घरीं आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवावें, असा त्यांचा नियम होता. आजाऱ्यांकडून इतकीं बोलावणीं येत कीं सर्वांकडे जाणें त्यांस अशक्य होई. तेव्हां ते मुलांच्या हातीं आपली जपमाळ देऊन त्यांस आजाऱ्यांच्या घरीं पाठवीत आणि तीं मुलें तेथें प्रार्थना म्हणत. बाप्तिस्मा देतां देतां त्यांचे हात भरून येत आणि प्रार्थना सांगून सांगून आवाज बसून जाई.

परंतु खरी दूरदृष्टि गांव सोडतांना दिसून येई. प्रार्थनांची लेखी प्रत ते गांवांत ठेवीत आणि तेथल्याच एका शहाण्या माणसास धर्मशिक्षक नेमीत. त्यास तिकडे कणक्कपिळ्ळै म्हणत. लोकांस जमविणें, प्रार्थना शिकविणें, धर्मगुरु नसतांना मरणोन्मुख बालकास बाप्तिस्मा देणें, हीं कामें त्याच्याकडे असत आणि त्यास वेतनही मिळे. आपण पाहुणे आहों, श्रद्धा मात्र गांवाची आहे व ती गांवानेंच सांभाळली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

या कार्यांत दुःखही थोडें नव्हतें. १५४४ च्या जून महिन्यांत बडग घोडेस्वारांनीं कन्याकुमारीकडील ख्रिस्ती गांवांवर धाड घातली. गांवें लुटलीं गेलीं, कित्येक माणसें पकडून नेलीं आणि उरलेले लोक समुद्रांतील खडकांवर जाऊन अन्नपाण्यावांचून तळमळूं लागले. फ्रान्सिस यांनीं वीस होड्यांत सामग्री भरून मदतीस जाण्याचा प्रयत्न केला. वारा प्रतिकूल झाल्यामुळें होड्या मागें फिरवाव्या लागल्या. तेव्हां ते जमिनीवरून पायीं त्या लोकांकडे गेले. त्याहून अधिक यातना त्यांस स्वकीयांनीं दिल्या. ज्यांनीं या दुबळ्यांचें रक्षण करावयाचें, तेच पोर्तुगीज अंमलदार व्यापाराच्या लोभानें त्यांस नाडीत. याविषयीं फ्रान्सिस यांनीं थेट पोर्तुगालच्या राजास कडक शब्दांत लिहिलें.

चरित्र खरें असावें, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोव्यांत इन्क्विझिशन स्थापावें, अशी विनंती त्यांनीं १५४६ सालीं राजास केली होती. तें न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर १५६० सालीं सुरू झालें आणि पुढें त्यानें पुष्कळांस दुःख दिलें. संतही आपल्या काळाचे असतात, आणि त्यांचें प्रत्येक मत अनुकरणीय नसतें. जी वस्तु मोत्यांच्या किनाऱ्यावर टिकली, ती धाकानें टिकली नाहीं. घंटेच्या नादानें जमलेल्या मुलांच्या तोंडीं ती टिकली.

आतां आपल्या वसईकडे वळूं. १५३४ च्या तहानें गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली आणि पुढें फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो द पोर्तो यांनीं या भागांत धर्मकार्य चालविलें. वसईच्या इतिहासांत संत फ्रान्सिस यांच्या तीन भेटी सांगितल्या जातात. त्यांपैकीं १५४८ च्या प्रारंभींची भेट गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांच्याशीं पूर्वेकडील धर्मकार्याविषयीं बोलण्यासाठीं होती. लवकरच येशूसंघाचे पाद्री मेल्किओर गोन्साल्विस वसईस आले व येथें त्या संघाचें कार्य सुरू झालें. याच संघाच्या सहवासांत पुढें आपले संत गोन्सालो गार्सिया वाढले, त्यांच्याबरोबर जपानास गेले आणि फ्रान्सिस्कन बंधु म्हणून ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें हुतात्मे झाले. ज्या जपानांत फ्रान्सिस यांनीं १५ ऑगस्ट १५४९ रोजीं पाऊल ठेवून ख्रिस्ताचें नांव प्रथम नेलें, त्याच भूमींत वसईच्या सुपुत्राचें रक्त सांडलें, हा योग आपणांस विसरतां येणार नाहीं.

जपानाहून परतल्यावर १५५२ सालीं फ्रान्सिस चीनकडे निघाले. चीनच्या किनाऱ्याजवळील सांचुआन बेटावर, एका झोपडींत, तापानें जर्जर होऊन ३ डिसेंबर १५५२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. वय अवघें सेहेचाळीस होतें. १५५४ सालीं त्यांचा देह गोव्यास आणला गेला. आज तो बों जेझूच्या बासिलिकेंत आहे. १२ मार्च १६२२ रोजीं ते संतपदास चढविले गेले. त्याच दिवशीं इग्नेशियस, तेरेझा व फिलिप नेरी यांच्याबरोबर इसिदोर नांवाच्या एका साध्या शेतकऱ्यासही तो मान मिळाला, हें आपल्या वाडीवाल्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९२७ सालीं बाळ येशूच्या संत तेरेझासह ते मिशनकार्याचे आश्रयदाते ठरले.

संत फ्रान्सिस यांच्या फेऱ्यांनीं जो धडा शिकविला, त्याची प्रचीति वसईलाही आली. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला जिंकला, पोर्तुगीज निशाण उतरलें आणि युरोपीय पाद्री निघून गेले. राज्याच्या आधारावर उभें असतें तें राज्याबरोबर गेलें. श्रद्धा मात्र देशी धर्मगुरूंनीं व घरोघरच्या आयाबायांनीं जपली. सायंकाळीं जपमाळ घेऊन बसणारी आजी हीच आपली कणक्कपिळ्ळै होती. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठींत होऊं लागली; लोकांच्या भाषेंत प्रार्थना, हा त्या कोळ्यांच्या किनाऱ्यावरील विचार आपल्या वेदीपर्यंत पोहोंचला.

आज वसई-विरार हें मोठें शहर झालें आहे. वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. तरी भेटीस जावें अशीं घरें कमी झालेलीं नाहींत. पालघर जिल्ह्यांतील दूरचे पाडे आहेत, तसे आपल्याच इमारतींतील ओळख नसलेले शेजारी आहेत. तेव्हां महोत्सवाच्या मंडपांतून परततांना प्रत्येकानें एखाद्या आजाऱ्याच्या किंवा एकाकी माणसाच्या दाराशीं जावें, त्याच्या बोलींत त्याची विचारपूस करावी आणि एका मुलास तरी एक प्रार्थना शिकवावी. संत फ्रान्सिस झेवियर यांचें यापरतें दुसरें स्मारक नाहीं. त्यांच्या मध्यस्थीनें आपला धर्मग्राम वृद्धिंगत होवो, ही प्रभुचरणीं प्रार्थना.