कॅप्टन जटार आणि उशिरा आलेला कायदा

वैमानिकाच्या कर्तव्यनिष्ठेची कसोटी कधी कधी अवघ्या काही मिनिटांत लागते. एअर इंडिया इंटरनॅशनलचे कॅप्टन दामोदर काशीनाथ जटार यांच्या आयुष्यात ती घटका ११ एप्रिल १९५५ रोजी आली.

बांडुंग येथील आशियाई-आफ्रिकी परिषदेसाठी चीनने ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान भाड्याने घेतले होते. जटार त्याचे कप्तान होते. विमानात ११ प्रवासी व ८ कर्मचारी होते. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय याच विमानाने जाणार, असा समज होता. प्रत्यक्षात त्यांनी बेत बदलला होता.

हाँगकाँग सोडल्यावर सुमारे पाच तासांनी, १८ हजार फुटांवर, उजव्या चाकाच्या कप्प्यात स्फोट झाला. पंखाने पेट घेतला आणि आत धूर कोंडला. जटार यांनी संकटसंदेश पाठवण्याची व्यवस्था केली, प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देवविली आणि जळते विमान नातुना बेटांजवळ समुद्रावर उतरविण्याचा प्रयत्न केला. विमानाचे तुकडे झाले. १६ जणांना जलसमाधी मिळाली. जटार त्यांतलेच एक. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक व अभियंता अनंत कर्णिक वाचले. कर्णिकांनी पुढे या प्रसंगावर ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे पुस्तक लिहिले. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

इंडोनेशियाच्या चौकशीत घातपात सिद्ध झाला: विमानात कालबद्ध बॉम्ब ठेवण्यात आला होता. हाँगकाँग विमानतळावरील एका सफाई कामगारावर संशय आला. पण मे महिन्यात तो विमानाने तैवानला निसटला. त्याच्यावर वॉरंट निघाले, तरी तैवानने त्याला परत पाठविले नाही.

अपघातांच्या चौकशीसाठी तेव्हा शिकागो करारातील नियम होते. परंतु विमानात बॉम्ब ठेवणाऱ्याला शासन करण्याचे बंधन राष्ट्रांवर घालणारा करार नव्हता. १९६३ चा टोकियो करार विमानातील गुन्ह्यांपुरता, तर १९७० चा हेग करार अपहरणापुरता होता. घातपाताचा विचार २३ सप्टेंबर १९७१ च्या माँट्रियल करारात झाला. संशयिताला हवाली करा, नाही तर आपल्याच देशात खटल्यासाठी प्रकरण पुढे न्या, असा दंडक त्याने घातला. भारताने त्यासाठी १९८२ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

जटार यांनी आपले कर्तव्य मिनिटांत पार पाडले. जगाला त्यासाठी १६ वर्षे लागली. ‘काश्मीर प्रिन्सेस’च्या बळींचा खटला मात्र कधीच उभा राहिला नाही.